नाव निघालंय

"...आणि त्या बर्णबा ओहोळाचं तोंड कायमचं बंद कर, प्रभो. आमेन."

एवढं बोलून आई उठली आणि पदर खोचून चुलीकडे वळली. संध्याकाळची प्रार्थना झाली की आमच्याकडे लगेच जेवणाची ताटं घेतली जात. पण त्या दिवशी कोणी हललं नाही. माझी धाकटी बहीण अनू एक डोळा उघडून माझ्याकडे बघत होती. अण्णा मांडीवर हात ठेवून डोळे मिटून तसेच बसले होते. डोळे न उघडताच ते म्हणाले,

"सगुणा, नाव निघालंय."

आई थांबली. "काय?"

"बर्णबाचं नाव. आत्ता तू घेतलंस."

"मी त्याच्यासाठी नाही मागितलं. त्याच्याविरुद्ध मागितलं."

"नाव तर घेतलंस ना?"

आईने हातातली पळी ओट्यावर अशी आपटली की अनूने दुसराही डोळा उघडला.

आमच्या घरचा एक नियम होता, तो आधी सांगितला पाहिजे. अण्णा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. बोलणं कमी, पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की बसली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी आईला म्हटलं होतं, "प्रभू पहाटे उठून एकटाच रानात जायचा, प्रार्थना करायचा. पण तिथंच बसून राहायचा का? उठायचा आणि गावात माणसांकडे जायचा. आणि आपण आमेन म्हणून सरळ ताटावर बसतो." तेव्हापासून आमच्या घरात ठरलं: संध्याकाळी प्रार्थनेत ज्याचं नाव घ्याल, त्याच्या दारी दुसऱ्या दिवशी जायचं. बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, विचारपूस करायची. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, त्या दारात आपलं स्वतःचं काम काढायचं नाही. उसनं मागायचं नाही, गाऱ्हाणं सांगायचं नाही, भांडण उकरायचं नाही. आमेन घरी म्हणायचं, पण प्रार्थना संपायची त्या दारात.

सगळ्या मिशन कंपाउंडला हिवाळे कुटुंबाची ही रीत माहीत होती. एखाद्याच्या दारात आमच्यापैकी कोणी दिसलं की शेजारी हसून म्हणत, "काल हिवाळ्यांकडे तुमचं नाव निघालेलं दिसतंय." आम्हाला त्याचा फार अभिमान वाटायचा. अनू मात्र वर्षभर फक्त मार्थामावशीसाठी प्रार्थना करायची, कारण मार्थामावशीच्या दारात बोराचं झाड होतं.

आईने हा नियम कधीही मोडला नव्हता. मुलींच्या बोर्डिंगात ती शंभर पोरींचा स्वयंपाक बघायची. तिच्या जिभेला तिथल्या बाईसाहेबसुद्धा बिचकून असत. पण नाव घेतलं आणि गेली नाही, असं झालं नव्हतं. ताप असतानाही ती गेली होती.

आणि आता नाव निघालं होतं ते बर्णबा ओहोळांचं. त्यांनी त्याच सकाळी भर चर्चमध्ये माझं लग्न अडवलं होतं.

आमच्या मंडळीत लग्नाआधी तीन रविवार घोषणा होते. पाळकसाहेब नवऱ्यामुलाचं आणि मुलीचं नाव वाचतात आणि विचारतात, कोणाची हरकत आहे काय? उत्तर म्हणून सगळे गप्प बसतात आणि पुढचं गीत सुरू होतं. माझं, दीनाचं, लग्न ठरलं होतं जालन्याच्या विनय खरातांशी. पहिला रविवार नीट गेला. दुसऱ्या रविवारी पाळकसाहेब अमोलिकांनी विचारलं आणि मागच्या बाकावरून बर्णबाकाका उठले.

"आहे हरकत," ते म्हणाले. "या पोराचा शब्द आधी माझ्या साडूच्या मुलीला दिलेला हाय. म्या तिथं होतो."

सगळं चर्च माझ्याकडे वळून बघायला लागलं. मी गीतांच्या पुस्तकात तोंड घातलं. आईचा हात माझ्या मनगटावर होता, तिची पकड मला अजून आठवते.

खरी गोष्ट अशी होती की विनयच्या वडिलांनी त्या मुलीच्या घरी एकदा चहा घेतला होता. चहाबरोबर इकडचं तिकडचं बोलणं झालं. शब्द कोणी दिला नाही, घेतला नाही. पण त्या चहाला बर्णबाकाका हजर होते आणि त्यांचे साडू थोरल्या मुलीकडे नाशिकला जाऊन बसले होते, त्यामुळे खरंखोटं विचारायला दुसरं कोणी नव्हतं. पाळकसाहेबांनी हात वर केले. ज्याने हरकत घेतली त्याने ती मागे घ्यावी, नाहीतर पंचांपुढे चौकशी होईल, आणि पंच बसणार ईस्टरनंतर. मधे उपवासकाळ. त्या दिवसांत आमच्याकडे लग्नं लागत नाहीत. माझं लग्न तिसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी, उपवासकाळाच्या अगदी तोंडावर धरलेलं होतं. बातमी फोनवर जालन्याला पोहोचली आणि दुपारीच खरातांचा इथला माणूस निरोप घेऊन आला: पुढच्या रविवारी हरकत निघाली तर ठीक, नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल.

विनयला मी दोनदाच भेटले होते. दुसऱ्या भेटीत त्याने मला विचारलं होतं, तुला काय आवडतं? तोवर मला कोणी असं विचारलं नव्हतं. मला तोच हवा होता.

"मी नाही जायची," आई म्हणाली. "त्याच्या दारात? आज? लोक म्हणतील, सगुणाबाई पाया पडायला गेली."

"म्हणू देत."

"आणि लग्नाचं बोलायचंही नाही?"

"आपलं काम काढायचं नाही, ठरलंय आपलं."

"अहो, पोरीचं लग्न मोडतंय!"

अण्णांनी आता डोळे उघडले. "सगुणा, प्रभूनं खिळे ठोकणाऱ्यांसाठीसुद्धा मागितलं."

"मी प्रभू नाही. मी सगुणा हिवाळे आहे."

"ते मला ठाऊक आहे," अण्णा म्हणाले, आणि ताटं घ्यायला स्वतःच उठले.

सोमवारी सकाळी आईने धुतलेलं लुगडं नेसलं, केस चापूनचोपून बांधले आणि मला म्हणाली, "चल साक्षीला. नाहीतर हा माणूस उद्या सांगेल, बाई रडत आली होती."

बर्णबाकाकांचं घर कंपाउंडच्या फाटकाजवळ होतं. आमच्या घरचं संध्याकाळच्या प्रार्थनेआधीचं गाणं त्यांच्या ओट्यावर ऐकू जाईल, एवढंच अंतर. पण त्या दारात आमच्यापैकी कोणी कित्येक वर्षांत गेलं नव्हतं. ते गवंडी होते. पूर्वी त्यांनी आमच्या स्वयंपाकघराची भिंत बांधली होती, आणि ती मधोमध पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती. आईने चार माणसांत त्यांना विचारलं होतं, "भाऊ, ओळंबा विकून खाल्लात का?" लोक हसले. बर्णबाकाका थापी गोळा करून गेले ते पुन्हा आमच्याशी बोलले नाहीत. आईही बोलली नाही. त्या भिंतीवर आजतागायत एकही फळी सरळ बसलेली नाही.

काका दारात बाजेवर बसले होते. मागच्या दिवाळीत त्यांची बायको, सलोमीकाकू, वारली होती. मूल नव्हतं. घरात एकटेच. आम्हाला बघून ते हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

"आलात? मला वाटलंच होतं."

"सलाम, ओहोळभाऊ," आई म्हणाली. "कसे आहात?"

"म्या कसा आसंल? तुम्ही बोला."

आई ओसरीच्या कडेला बसली. मीही बसले. काका वाट बघत होते. आईचा जबडा हलत होता, जणू तोंडात खडा धरलाय.

"पाणी द्या घोटभर," ती शेवटी म्हणाली.

त्यांनी माठातून तांब्या भरून आणला. आईने तो तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि थांबली. मग उठून सरळ आत गेली. माठात हात घालून तिने बोटं बाहेर काढली, तर त्यांना हिरवी शेवाळ चिकटली होती.

"हा माठ कधी धुतलाय?"

"काय करायचंय तुम्हाला?"

आईने माठ उचलला, अंगणात नेला आणि राखेने घासायला बसली. मला तिने विहिरीवरून पाणी आणायला पाठवलं. मी घागर घेऊन आले तेव्हा काका बाजेवरून उठून उभे होते. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. माठ भरून झाला, वर ताटली झाकली गेली.

"बोला की आता," ते म्हणाले.

"बोलले," आई म्हणाली. "माठ दोन दिवसांआड धुवत जा. सलाम."

 आमच्या दारात आल्यावर मला राहवलं नाही.

"माझं लग्न मोडतंय आणि तू त्या माणसाचा माठ घासतेस! एक शब्द बोलली असतीस तर काय झालं असतं?"

"जीभ चावून चावून रक्त आलंय माझ्या तोंडात," आई म्हणाली. "तू आणखी बोलू नकोस."

त्या संध्याकाळी प्रार्थनेत आईची पाळी आली. ती म्हणाली, "प्रभो, बर्णबा ओहोळ. आमेन." बस, एवढंच. अण्णांनी तिच्याकडे बघितलं.

"त्याला वाटतंय मी घाबरून आले होते," आई म्हणाली. "उद्या पुन्हा जाते."

खरं सांगायचं तर ती प्रेमाने गेली नाही, हट्टाने गेली. मंगळवारी तिने बघितलं की काकांच्या तव्यावरची भाकरी एका बाजूने करपलेली आणि दुसऱ्या बाजूने कच्ची असते. संध्याकाळी तिने मागितलं, "प्रभो, बर्णबा ओहोळाच्या पोटात धड काही जात नाही." बुधवारी तिने त्यांच्या चुलीवर बसून भाकरी थापल्या. काका बाजेवरून म्हणाले, "लाच देता काय, बाई?" आई म्हणाली, "पीठ तुमचंच आहे." संध्याकाळी ती प्रार्थनेत म्हणाली, "त्याला खोकला आहे, प्रभो. रात्रभर खोकतो, शेजारीण सांगत होती." गुरुवारी ती आल्याचा काढा घेऊन गेली.

रोज मी बरोबर होते. रोज काका वाट बघत, की आता बाई लग्नाचं काढेल, आता रडेल, आता हात जोडेल. एकदा तर ते स्वतःच म्हणाले, "खरातांकडून काही कळलं का?" मी धडपडून तोंड उघडलं. आईने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"काढा गरम आहे तोवर घ्या," ती म्हणाली.

कंपाउंडात चर्चा सुरू झाली. मार्थामावशी येऊन म्हणाली, "सगुणा, रोज जातेस, निदान त्याला विचार तरी!" आई म्हणाली, "मी त्याचं नाव घेऊन जाते, माझं नाही." मार्थामावशीने माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं. मी आत जाऊन तांदूळ निवडत बसले आणि विनयने मला काय विचारलं होतं ते आठवत राहिले.

शुक्रवार उजाडला. आम्ही गेलो तर काका दारातच उभे होते, दोन्ही हात चौकटीला धरून. वाट अडवल्यासारखे.

"आज आत यायचं न्हाई."

"बरं," आई म्हणाली. "इथंच बसते." आणि ती अंगणात बसली.

"का येता तुम्ही?"

"तुमचं नाव निघालं म्हणून."

"आत्ता निघालं!" ते ओरडले. एवढ्या मोठ्याने की पलीकडचा कुत्रा भुंकायला लागला. "आत्ता निघालं माझं नाव? तवा काय झालं होतं?"

आईने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"सलोमी पावसाळाभर त्या खाटेवर पडून होती. तुमच्या घरातलं गाणं हितं ऐकू येतं, बाई. दिवेलागणीला तुम्ही गायला लागला की ती मला म्हणायची, आता गप ऱ्हा, आता नावं घेतील. गाणं संपलं की म्हणायची, आज माझं निघालं आसंल. सकाळी उठून मला सांगायची, दार उघडं ठेवा, सगुणाबाई येईल. केस विंचरून मागायची. रोज. म्या रोज दार उघडं ठेवायचो." त्यांनी चौकटीवरचा एक हात काढून आतल्या खाटेकडे केला. "सगळ्या कंपाउंडात तुमची पावलं जातात. त्या बोरीच्या दारात तुमची बारकी रोज जाते. माझ्या दारातच तेवढी आली न्हाईत. शेवटी तिनं केस विंचरून मागायचं सोडलं."

मी आईकडे बघितलं. आईचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसा बघितला नाही.

"त्या रविवारी दीनाची घोषणा ऐकली," काका म्हणाले. "वाटलं, यांच्या घरात सगळं कसं वेळेवर व्हतंय. माझ्या घरचंच राहून गेलं. म्हणून उठलो."

मला वाटलं, आता आई काहीतरी उत्तर देईल. तिच्याकडे नेहमी उत्तर असायचं. आम्हाला कळलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं. तुम्हीच बोलत नव्हता, असंही. आणि एक तर अगदी तयार उत्तर होतं: सलोमीकाकू आजारी असताना आमच्या घरात रोज प्रार्थना व्हायची, "मंडळीतल्या सर्व आजाऱ्यांसाठी." मला चांगलं आठवत होतं. रोज आईच म्हणायची ते. तिथे अंगणात बसल्या बसल्या मला पहिल्यांदा कळलं की ती तसं का म्हणायची. "सर्व आजारी" म्हटलं की कोणाचं नाव निघत नाही. नाव निघालं नाही की कोणाच्या दारी जावं लागत नाही.

"आम्हाला ठाऊक होतं," आई म्हणाली. "त्या आजारी होत्या ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नाव माझ्या ओठांपर्यंत यायचं, भाऊ. मी गिळायची आणि सर्व आजारी म्हणायची. त्यात त्यापण आल्या, असं मनाला सांगायची. एका भिंतीपायी."

"भिंत वाकडीच होती," काका म्हणाले.

"होती. आणि मी चार माणसांत बोलायला नको होतं."

मग ती उठली. दारातून काका बाजूला झाले की तिने त्यांना बाजूला केलं, ते मला सांगता येणार नाही. ती आत गेली आणि त्या रिकाम्या खाटेशी जमिनीवर गुडघे टेकले. काका चौकटीतच होते. मी उंबऱ्यावर.

आईच्या प्रार्थना मला पाठ होत्या. ती देवाशीही बोर्डिंगच्या पोरींशी बोलल्यासारखीच बोलायची, धडाधड, कामं वाटून देत. पण त्या दिवशी ती सावकाश बोलली. "प्रभो, सलोमीबद्दल तुझे उपकार मानते. तिच्या हातच्या शेंगोळ्यांबद्दल. ती चर्चमध्ये गायची त्या बारीक आवाजाबद्दल. ती माझी वाट बघत होती आणि मी आले नाही. तू रोज माणसांकडे गेलास आणि मी चार पावलं आले नाही. मला क्षमा कर. बर्णबाभाऊंना आता एकटं ठेवू नकोस." तिथे ती थांबली.

मी वाट बघत होते. आता माझं नाव येईल. खाट समोर आहे, माणूस रडतोय, आता नुसतं "दीना" म्हटलं तरी पुरे. यापेक्षा चांगली वेळ येणार नव्हती, आणि रविवार परवावर आला होता.

"आमेन," आई म्हणाली.

तिने माझं नाव घेतलं नाही. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, नकोच घेऊस. लग्न मोडलं तर मोडू दे, पण हे असंच राहू दे. माझी आई जमिनीवर गुडघे टेकून बसली होती, तिच्या लुगड्याला त्या घरातली धूळ लागली होती, आणि तिचा मला एवढा अभिमान वाटला की छातीत मावेना. ही तोंडाळ बाई माझी आई होती.

काकांनी डोळे पुसले नाहीत. त्यांनी आत जाऊन माठातलं पाणी आणलं आणि आईला दिलं. या वेळी तिने तांब्या रिकामा केला.

शनिवारीही आई गेली. काका घरी नव्हते. दार उघडं होतं. आई ओसरीवर थोडा वेळ बसली, पाणी प्यायली आणि परत आली. विनयच्या घरून पुन्हा कोणी आलं नाही. अण्णांनी मांडववाल्याला काही सांगितलं नाही, हो नाही आणि नाहीही नाही. माझ्या लग्नाची पांढरी साडी पेटीत घडी घालून पडली होती. मी दिवसभर तिला हात लावला नाही.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. एरवी ख्रिस्तजयंतीलाच येणारी माणसंही आली होती. पाळकसाहेबांनी आमची नावं वाचली आणि जरा थांबून विचारलं, "कोणाची हरकत आहे काय?"

मागच्या बाकाचा आवाज झाला. मला वळून बघायची गरज नव्हती.

"मागच्या रविवारी म्या हरकत घेतली," बर्णबाकाका म्हणाले. "ती खोटी होती. शब्द दिलेला नव्हता. चहाच्या वेळचं बोलणं होतं, आणि म्या तिथं होतो. देवानं आणि मंडळीनं मला माफ करावं."

पुढच्या बाकावरचे एक पंच वळले. "ओहोळ, खरं सांगा. सगुणाबाई आठवडाभर तुमच्याकडे येत होत्या, असं ऐकतो. काही बोलणं झालं का लग्नाबद्दल?"

"एक शब्द न्हाई."

"एकही नाही?"

"म्या वाट बघून दमलो," काका म्हणाले. "बाईनं लग्नाचा ल काढला न्हाई."

चर्चमध्ये कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले, आणि पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत सांगितलं. आई समोर बघत होती. तिची मान इतकी ताठ होती की मला वाटलं, आता हिला कोणी हलवू शकणार नाही. तिचा हात पुन्हा माझ्या मनगटावर होता.

त्या संध्याकाळी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाहुणे, हळदीचा वास, परातीत भिजवलेली डाळ. तरी दिवेलागणीला अण्णांनी सगळ्यांना खाली बसवलं. त्या घरातली माझी ती शेवटची प्रार्थना. गाणं झालं, अनूने मार्थामावशीचं नाव घेतलं, आणि माझी पाळी आली.

"प्रभो, बर्णबाकाकांचं घर तुझ्या हाती असू दे," मी म्हणाले. "आमेन."

आईने खाडकन डोळे उघडले. "दीना! उद्या लग्न आहे तुझं!"

"नाव निघालंय," अण्णा म्हणाले. ते हसत होते. त्यांना हसताना मी क्वचितच बघितलं होतं.

सोमवारी लग्न लागलं. चर्चमध्ये मी मागच्या बाकाकडे दोनदा बघितलं. काका नव्हते. मला जरा वाईट वाटलं. जेवणं झाली, दुपार कलली, आणि मला न्यायला जालन्याची मेटॅडोर फाटकाकडे तोंड करून उभी राहिली. मी विनयच्या कानात सांगितलं, तर त्याने आधी माझ्याकडे आणि मग ड्रायव्हरकडे बघितलं आणि म्हणाला, "फाटकाजवळ थांबव." मी माणूस बरोबर निवडला होता.

काकांचं दार सताड उघडं होतं. अंगण झाडलेलं, सडा घातलेला. ओसरीवर सतरंजी आणि सतरंजीवर झाकलेला तांब्या. काका धुतलेलं धोतर नेसून चौकटीशी उभे होते.

"लग्नाला आला नाहीत, काका?"

"कसा येणार? तुम्ही इकडं आलात आणि दार बंद असतं तर?" ते म्हणाले. "काल संध्याकाळी तुमच्याकडचं गाणं संपलं, तवाच म्हटलं, आज माझं नाव निघालं आसंल."

मी पांढऱ्या साडीतच सतरंजीवर बसले. विनय माझ्या शेजारी बसला. आई गाडीमागून चालत आली आणि अंगणात उभी राहिली. पाणी थंड होतं, माठ धुतलेला होता. मी काकांना विचारलं, "कसे आहात?" आणि ते खरंच सांगायला लागले. खोकल्याचं, गुडघ्याचं, सलोमीकाकूंनी लावलेल्या तुळशीचं.

विनयने गाडीतच सगळ्यांना कारण सांगितलं होतं, तरी त्याच्या आत्याबाई तिथून ओरडल्या, "अहो विहीणबाई, जालना लांब आहे! प्रार्थना घरी झाली ना कालच? आता इथं काय राहिलंय?"

माझ्या आईने मागे वळूनही बघितलं नाही.

"थांबा जरा," ती म्हणाली. "कालची प्रार्थना अजून संपायची आहे."